पाव एकर, कमी-जास्त

"सर्व्हेअर कुठला आणलात?"

शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून हे विचारलं तेव्हा मी रस्त्याकडेच्या पेटीतून टपाल काढत होतो. जुलै महिना. सकाळीच हवा वाफेच्या पातेल्यासारखी झाली होती. बाई सत्तरीच्या पुढच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आमच्या पूर्वेला एकट्या राहणाऱ्या. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या या काउंटीत त्यांच्या किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. आम्हाला इथं येऊन तीन वर्षं झाली होती.

"आम्ही काही सर्व्हे केलेला नाही," मी म्हणालो.

"मग तो दगड? सीडरखालचा? परवापर्यंत दगडाच्याच रंगाचा होता. आज ऑरेंज आहे."

"मला माहीत नाही. बघतो."

"बघा," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या. निरोप घेताना त्या नेहमी ‘हॅव अ ब्लेस्ड डे’ म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. मी टपाल हातात घेऊनच मागच्या झाडीकडे निघालो.

आमच्या जमिनीच्या पूर्व कडेला, बाईंच्या कुंपणाला लागून, सीडरची जुनी झाडं आहेत. खाली निळ्या फुलांची वेल पसरलेली आहे, सदाफुलीची चुलत बहीण वाटावी अशी. वेलीत इकडेतिकडे ओबडधोबड दगड आहेत. त्यातला एक गुडघ्याएवढा उभा, आणि त्याच्या पूर्वेला थोडं अंतर सोडून वीतभर उंचीचा दुसरा. मोठा दगड वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखलेला होता. तेलाचे ओघळ वेलीच्या पानांवर आले होते. छोट्या दगडासमोर फोडलेला नारळ होता, दहीभात होता, आणि दहीभातावर इथल्या चावऱ्या लाल मुंग्यांची रांग लागली होती.

घरात सासूबाई भेंडी चिरत बसल्या होत्या. त्या मे महिन्यात साताऱ्याकडच्या गावाहून पाच महिन्यांसाठी आल्या होत्या.

"आई, मागचा तो दगड तुम्ही...?"

"म्हसोबा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आखाड लागलाय, जावईबापू. गावाकडं पहिल्या मंगळवारी शेताच्या राखणदाराला निवद असतो. इथं येऊन दोन महिने झाले, एक देव दिसंना. मग हा दिसला. झाडाखाली, शिवेवर, उगवतीकडं तोंड करून. समोर बारक्या पादुका. आणखी काय पाहिजे?"

बायको ऑफिसचा कॉल सुरू असताना हेडफोन काढून स्वयंपाकघरात आली. "अगं आई, विचारायचं तरी!"

"कुणाला? तुमच्या काउंटीला? देवाला देव म्हणायला परमिट लागतं होय गं?"

"शेंदूर आणला कुठून पण?"

"डब्यातनं. कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, गॉड. त्यानं लगेच सोडलं."

एरवी मी हसलो असतो. पण माझ्या डोक्यात खरेदीखतातलं एक वाक्य फिरत होतं, आणि ते वाक्य समजायला थोडं मागं जावं लागेल.

आम्ही आधी टेक्ससमधल्या फ्रिस्कोला राहत होतो. तिथं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची भिंत आमच्या भिंतीपासून हात लांबवला तर लागेल एवढ्यावर होती, आणि शेजारी बहुतेक पुण्याचे नाहीतर हैदराबादचे. मी पगारपत्रकांचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. ते घरून करता येऊ लागलं, मुलगी शिकायला ॲन आर्बरला गेली, आणि आम्ही ठरवलं की जरा मोकळी जमीन घ्यावी. ॲटलांटापासून दीड तासावर हे जुनं घर आणि सहा एकर मिळाले. मी मूळचा नागपूरचा, फ्लॅटमध्ये वाढलेला. जमीन म्हणजे काय ते मी आयुष्यात पहिल्यांदा आकड्यांतून शिकलो.

आकडे मला आवडले. या भागात मूळचे क्रीक लोक राहत. त्यांच्याकडून करारांनी जमीन काढून घेतली गेली आणि राज्यानं तिचे चौकोन आखून चक्क सोडत काढली. आपल्याकडे सरकारी घरांची निघते तशीच. पिंपात चिठ्ठ्या, आणि ज्याचं नाव निघेल त्याला दोनशे अडीच एकर. हा अर्धा एकर कुठून आला म्हणून मी हिशोब केला. मोजणीची साखळी सहासष्ट फुटांची, आणि चौकोनाची बाजू पंचेचाळीस साखळ्यांची. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस म्हणजे दोन हजार पंचवीस चौरस साखळ्या, आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. बरोबर दोनशे अडीच. आपला गुंठा तेहतीस फुटी, म्हणजे त्यांच्या एका साखळीत आपले दोन. हे जुळलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं. कुठून कुठे आलो, पण माप तेच आहे असं काहीतरी.

काउंटीच्या वाचनालयात स्थानिक इतिहासाचं एक कपाट आहे. त्यात पहिली पाच घराणी कोणती, पहिली गिरणी कुणाची, पहिलं चर्च कुठे, हे सगळं आहे. कुठल्या सोडतीच्या चिठ्ठीवर कोण गाडी घेऊन कॅरोलायनातून आलं तेही आहे. आमची सहा एकर ज्या चौकोनातली, त्याचा पहिला मालक इथं आलाच नाही. त्यानं चिठ्ठी विकली.

आणि आमच्या खरेदीखतात, हद्दीच्या वर्णनानंतर, एक ओळ होती: दफनभूमीसाठी राखलेली पाव एकर, कमी-जास्त, वगळून. कुठली पाव एकर, ते नाही. व्यवहाराच्या दिवशी मी वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, जुन्या खतांतून उतरत आलेली ओळ आहे, काळजी करू नका. मला कुणी काळजी करू नका म्हटलं की तिथून माझी काळजी सुरू होते. पहिल्या वर्षी मी सगळी जमीन पालथी घातली. कोरीव दगड शोधला, क्रॉस शोधला, लोखंडी कुंपण शोधलं. काहीच मिळालं नाही. नकाशावर मी त्या पाव एकराच्या जागी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. दहा गुंठ्यांचं प्रश्नचिन्ह.

शेंदूर लावलेल्या दगडासमोर उभा राहिलो तेव्हा माझ्यापुढे दोनच शक्यता होत्या. एक, तो हद्दीचा दगड आहे; इथं मोजणीच्या खुणा ऑरेंज रंगातच करतात. तसं असेल तर बाईंना वाटलं असणार की आम्ही हद्दीवर निशाणी करून काहीतरी हक्क सांगतोय. दुसरी शक्यता मनात नीट मांडायलाही मला नको वाटत होतं. इथं थडग्याला हात लावणं गुन्हा धरतात. पण मला गुन्ह्यापेक्षा बाईंच्या ‘बघा’ या शब्दाची जास्त भीती वाटत होती.

"पुसून टाकू," मी बायकोला म्हणालो.

"हात लावू नकोस," बायको म्हणाली. "काय आहे ते कळल्याशिवाय घासायचं नाही. दगडाचा टवका उडाला तर?"

"पुसू नका," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं कारण वेगळं होतं. "बसवलेला देव असा फडक्यानं पुसत नाहीत."

मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, डोन्ट टच एनिथिंग. आणि आजीला सांग, इट लुक्स सो कूल." दोन्ही वाक्यांचा मला उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या अंगणात एक गाडी आली. टाय लावलेला माणूस उतरला, कुंपणापाशी गेला आणि त्या दगडाचे फोटो काढू लागला. वेगवेगळ्या कोनांतून, सावकाश. मग त्यानं आमच्या घराचाही एक काढला. मी खिडकीतून बघत होतो. माझ्या स्क्रीनवर कुणाच्या तरी पगाराची बेरीज चुकलेली होती आणि ती मला तासभर सापडली नाही.

त्याच संध्याकाळी मी जुनं वर्णन पुन्हा आखायला घेतलं. ओकच्या झाडापासून अमुक अंशात इतक्या साखळ्या, तिथून ओढ्यापर्यंत, तिथून ‘एका दगडापर्यंत’. ओक केव्हाच गेला. ओढ्यानं जागा बदलली असणार. शेवटची रेघ पहिल्या टोकाला येऊन मिळायला हवी, ती मिळत नव्हती, काही फूट मोकळी राहत होती. एका आखणीत तो शेंदरी दगड आमच्या बाजूला येई, दुसरीत बरोबर हद्दीवर. बायकोनं कागद बघितला आणि म्हणाली, "हे सगळं करण्यापेक्षा समोर जाऊन विचार ना. चाळीस पावलं लांब राहतात त्या."

"काय विचारू? आमच्या देवाखाली तुमचं कोणी आहे का?"

"हो. हेच."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं निघालो. सासूबाई पदर खोचून आधीच दारात उभ्या. "आई, तुम्ही नका येऊ," मी म्हणालो.

"शेंदूर मी लावला आणि बोलणी तुम्ही खाणार? चला."

बाई पुढच्या ओसरीवर झोपाळ्यात बसल्या होत्या. शेजारी पंखा. बसा म्हणाल्या नाहीत, पण खुर्च्या होत्या, आम्ही बसलो. मी पाठ करून आलो होतो तसं बोलायला लागलो. आम्ही सर्व्हे केलेला नाही. तो रंग सर्व्हेचा नाही. आमच्याकडे एक शेंदूर नावाची पूड असते, ती तेलात कालवून...

"म्हणजे ती निशाणी नाही?" त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"नाही."

"मग काय आहे?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्या आईला तो दगड देव वाटला."

बाईंनी पाय टेकून झोपाळा थांबवला. "मी बाप्टिस्ट आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या लेखी देव एकच आहे, आणि तो तुमच्या परसात राहत नाही. तुम्ही माझ्या आजीच्या आजीला रंग फासलाय."

बायकोनं हे सासूबाईंना मराठीत सांगितलं. सासूबाईंनी दोन्ही हात कानांना लावले.

"आणि ज्याच्यासमोर तुम्ही जेवण ठेवलंत," बाई म्हणाल्या, "तो तिच्या पायाशी लावलेला दगड आहे. डोक्याशी मोठा, पायाशी छोटा. पाय पूर्वेला. जगाच्या शेवटच्या दिवशी उठली की समोर उजाडलेलं दिसावं म्हणून."

"मी म्हटलं नव्हतं का पादुका," सासूबाई बायकोला पुटपुटल्या. आणि मग लगेच, "हे नको सांगू त्यांना."

"काय म्हणतात त्या?" बाईंनी विचारलं.

बायकोचा नाइलाज झाला. "त्या म्हणतात, त्यांनाही तो पायांचाच दगड वाटला होता."

बाईंनी सासूबाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

सासूबाईंनी बायकोमार्फत विचारलं, "कोण होती ती?"

बाईंनी सांगितलं ते मी वाचनालयातल्या कपाटात वाचलेलं नव्हतं. चिठ्ठी विकत घेणारा माणूस कॅरोलायनातून आला तेव्हा त्याच्या गाडीमागे काही माणसं चालत आली. ती त्याच्या मालकीची होती. त्यात एक दहा-बारा वर्षांची पोर होती. इथं तेव्हा नुसतं जंगल. आमचं आवार, बाईंचं आवार, पलीकडचं कापसाचं रान, हे सगळं त्या माणसांनी झाडं पाडून मोकळं केलं. ती पोर म्हातारी होऊन इथंच मेली. तोपर्यंत ती मोकळी झाली होती आणि तिच्या मुलांनी यातलाच एक तुकडा विकत घेतला होता.

"आमच्यात असं असतं," सासूबाई म्हणाल्या, बायको सांगत राहिली, "ज्यानं पहिल्यांदा रान मोडलं तो गेल्यावर त्या रानाचा राखणदार होतो. मग मी काही अगदीच चुकले नाही."

"ती राखण करत नव्हती, हनी," बाई म्हणाल्या. "तिच्यावर राखण होती."

हे वाक्य बायकोनं मराठीत सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलंही नाही. चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

मी विचारलं, "तीन वर्षांत तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. आम्हाला माहीतच नव्हतं."

"तुमच्या आधीच्या मालकानं वाटेवर साखळी लावली होती. माझा भाऊ गवत कापायला गेला तर पोलिसांना बोलावलं. तेव्हापासून मी कुंपणावरून बघते. तुम्ही आलात, साखळी काढलीत. मी म्हटलं, थांबू, माणसं कशी आहेत बघू. यंदा ऑगस्टमध्ये आमचं सगळं कुटुंब जमणार आहे. शिकागोहून, डेट्रॉइटहून. या वर्षी तुम्हाला विचारणार होते, आम्हाला आत येऊ द्याल का. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते." त्या थांबल्या. "आणि सकाळी उठून बघते तर ऑरेंज."

मग त्यांनी रस्त्यापलीकडचं पाइनचं रान दाखवलं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. त्या लहान असताना एक दिवस झाडांना रंगीत फिती दिसल्या. कुणी काही सांगितलं नाही. फितींनंतर कागद आले, कागदांनंतर कोर्ट, आणि कोर्टानंतर ते रान त्यांचं राहिलं नाही. "म्हणून मी परवा आधी पुतण्याला फोन केला आणि मग तुमच्याशी बोलले," त्या म्हणाल्या. "तो वकील आहे."

पण मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय उठता येत नव्हतं. "मी कागदावर आखून बघितलंय," मी म्हणालो. "तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मी सांगतो."

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला.

"आणि तुमच्या रेघेनं ती कुठं येते?" बाईंनी विचारलं.

"एका आखणीत माझ्या बाजूला. एकीत हद्दीवर. पण तिथली पाव एकर खरेदीतून वगळलेली आहे. ती माझी नाही. कुठली पाव एकर, ते लिहिलेलं नाही. पाव एकर, कमी-जास्त, एवढंच आहे."

"कमी-जास्त," बाई म्हणाल्या आणि एकदम हसल्या. हसणं गोड नव्हतं, पण हसणं होतं. "ही अख्खी काउंटी कमी-जास्तवर उभी आहे. आमच्या वाट्याला कमी, एवढंच."

उठताना त्यांनी स्पष्ट सांगितलं: रंग ऑगस्टच्या आधी निघाला पाहिजे, आणि दगडाला ओरखडा पडता कामा नये.

सासूबाईंचं मन रात्रभर थाऱ्यावर नव्हतं. सकाळी म्हणाल्या, "मारुतीच्या अंगावरचं शेंदराचं कवच निघतं, तसं हे काढायचं. आधी निरोप द्यायचा, मग हात लावायचा." त्यांनी दगडासमोर उदबत्ती लावली आणि हळू आवाजात बोलू लागल्या. मी जवळ उभा होतो. देवाला निरोप देताना आपण ‘पुन्हा या’ म्हणतो. त्या तिथं अडल्या. मग म्हणाल्या, "बाई, मी तुला ओळखलं नाही. जिथं होतीस तिथं नीज. बोलावणं माझं होतं, ते मी मागं घेते." ‘पुन्हा ये’ त्या म्हणाल्या नाहीत.

बाई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि सावलीत बसून बघत राहिल्या. कोमट पाणी, साधा साबण, सुती फडकं. ब्रश मी आणला होता, त्यांनी बोटानंच नको म्हटलं. शेंदरात शिसं असतं म्हणून मी खाली प्लास्टिक अंथरलं होतं, आणि तरीही आमच्या विहिरीचं पाणी तपासायला द्यायचं मनाशी ठरवत होतो. सासूबाई आणि बायको आळीपाळीनं पुसत होत्या, मी पाणी बदलत होतो. दुपारपर्यंत दगड करडा दिसायला लागला. पण छिद्रांत, वरच्या खोबणीत, फिकट केशरी झाक राहिली. ती निघेना.

"बास," बाई म्हणाल्या. "आणखी घासलंत तर दगडच पुसून टाकाल."

मग मी ते विचारलं ज्याची मला तीन वर्षं गरज होती. "बाकीचे कुठं आहेत, दाखवाल का? मी छोटे झेंडे लावून ठेवतो, म्हणजे चुकून कुणाचा पाय..."

"झेंडे नाहीत," त्या म्हणाल्या. "रंग नाही. फिती नाहीत. बघा आणि लक्षात ठेवा."

त्या काठी टेकत चालायला लागल्या. काठीनं दाखवायच्या. इथं तिचा नवरा. इथं दोन मुलं, तापात गेलेली. इथं कोण ते माहीत नाही, पण आहे. मला आधी नुसते दगड दिसत होते. आता एक मोठा दिसला की त्याच्या पूर्वेला छोटा शोधायची डोळ्यांना सवय लागली, आणि छोटा नसेल तिथं जमीन किंचित खचलेली दिसायची. झाडी संपली, वेल संपली. मला वाटलं, संपलं. बाई चालतच राहिल्या. आमच्या भाजीच्या वाफ्यापाशी त्या थांबल्या.

"माझी आजी म्हणायची, शेवटची ओळ इथपर्यंत आहे. तुमच्या ओक्रापर्यंत."

वाफ्यात भेंडी कमरेच्या वर गेली होती. एप्रिलमध्ये मी ती जागा निवडली ती तिथली माती भुसभुशीत लागली म्हणून. बाकी सगळीकडे इथली लाल माती कुदळ परत फेकते. कुदळ इतकी सहज जाते म्हणून मी खूश झालो होतो. आता मला तिथं उभं राहवेना. खोल किती खणलं होतं? एक वीत. जास्तीत जास्त दीड. मी पुन्हा पुन्हा तेवढंच आठवत राहिलो.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून त्यांनी त्या वाफ्यातली भेंडी खुडली नाही. आम्हीही नाही. भेंडी जून होत गेली, शेंगा वितीएवढ्या लांबल्या. रोपं उपटावीत तर मुळांसोबत माती येणार. ठेवावीत तर रोज डोळ्यांसमोर. मी भाजीच्या वाफ्याभोवतीचं कुंपण काढून घराच्या बाजूला दहा फूट मागं घेतलं आणि मधली जागा तशीच सोडली.

ऑगस्टमध्ये रविवारी दुपारी गाड्या आल्या. आमच्या आवारातून, साखळी होती त्या वाटेनं. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली माणसं, कडेवर पोरं, हातात घडीच्या खुर्च्या, ॲल्युमिनियमच्या फॉइलनं झाकलेली ताटं. टायवाला पुतण्याही होता, आज टी-शर्टमध्ये. त्यानं माझा हात हातात घेतला, पण हसला नाही. आम्ही तिघं ओसरीवर उभे होतो. जवळ जावं की नको ते ठरत नव्हतं.

एका मुलीनं मोठ्या दगडाच्या खोबणीत बोट घातलं आणि ओरडून विचारलं, "हे ऑरेंज काय आहे?"

सगळे वळले. माझे कान तापले. बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "त्या ओसरीवरच्या बाईला विचार. तिला आपली म्हातारी देव वाटली."

कुणीतरी शिट्टी मारली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हेच तर आम्ही कधीपासून म्हणतोय!" आणि हशा पिकला. मी हसू शकलो नाही. पुतण्याही हसत नव्हता. तो वाफ्याच्या कडेला उभा राहून भेंडीच्या ओळीकडे बघत होता. कुठून कुठपर्यंत, ते तो मोजत होता. ती नजर मला ओळखता येते.

थोड्या वेळानं बाई वाफ्यापाशी आल्या. एक शेंग हातात घेऊन त्यांनी तिचं टोक मोडलं. मंडईत आपल्या बायका मोडतात तसंच, अंगठ्यानं. टोक मोडलं नाही, नुसतं वाकलं.

"ही जून झाली," त्या सासूबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या. शब्द कळले नसतील, पण सासूबाईंनी मान हलवली आणि ओसरीवरूनच हातानं विचारलं, खुडू का? बाईंनी वरच्या कोवळ्या शेंगा दाखवल्या. सासूबाई चप्पल काढून वाफ्यात गेल्या.

सप्टेंबरच्या शेवटी सासूबाई परत गेल्या. त्यानंतर आठवड्याभरानं मी सकाळी मागं गेलो तर सीडरच्या झाडांपासून वाफ्यापर्यंत लाकडी खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला ऑरेंज फीत. मग कुंपणापाशी बाई दिसल्या, शेजारी तिपाई लावलेला सर्व्हेअर.

"हा माझा आहे," त्या म्हणाल्या. "या वेळी माझा. तुम्ही चांगली माणसं आहात. पण तुमच्यानंतर कोण येईल ते मला माहीत नाही."

पुतण्यानं कागद आणले. दफनभूमीची जागा नेमकी आखून, वाटेच्या हक्कासह नोंदवायची, आणि त्याला माझी संमती. मी घरी बसून पुन्हा हिशोब केला, करायची गरज नसताना. खतात दहा गुंठे होते. त्यांच्या मोजणीत सव्वाबारा भरत होते. जास्तीचे सव्वादोन गुंठे म्हणजे बरोबर वेल संपते तिथून भेंडीच्या ओळीपर्यंतची जागा, आणि मी मागं घेतलेलं कुंपण त्यांच्या शेवटच्या खुंटीच्या जेमतेम दीड फूट अलीकडे होतं. एकदा मनात आलं, विचारावं, हे सव्वादोन कुठून आले. पण ते मला ठाऊक होतं. काठीनं दाखवलं होतं.

सही केली. घराकडे निघालो तेव्हा कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "हॅव अ ब्लेस्ड डे."

संध्याकाळी सासूबाईंचा गावाहून फोन आला. बायकोनं सांगितलं, आई, तिथं परत शेंदरी रंग आलाय.

"आता कुणी लावला?" त्या घाबरून म्हणाल्या.

"त्यांनीच."

मग सासूबाईंनी विचारलं, "आणि दगडावरचा माझा? तो गेला का पुरता?"

मी दर पावसानंतर जाऊन बघतो. अजून गेलेला नाही.